शिंगाडे, मोबाईल आणि माझा खोकला

करोनाच्या दिवसांत साकोलीच्या बाजारात मी उकडलेले शिंगाडे घेतले आणि मोठ्या ऐटीत मोबाईलने पैसे दिले. खातं शिंगाडेवालीच्या लाखांदूरच्या लेकीचं होतं. बाईने शिंगाड्यांची थैली मागे ओढली.

"पोरीचा फोन येईपर्यंत इथंच बसा, भाऊ. पैसे कोठी गेले, कोनाले मालूम?"

मी ओलीस बसलो. तेवढ्यात शेजारच्या दुकानातल्या मिरचीचा ठसका लागला आणि मी खोकलो. बाई ताडकन उठली.

"घ्या थैली अन् निंगा! पैसे आले समजा!"

मी विजयी मुद्रेने घरी आलो. पाहतो तर पैसे गेलेच नव्हते! तसाच नोट घेऊन परत गेलो आणि पैसे गेलेच नव्हते, हे बाईला सांगितलं. बाईने शिंगाडे उपसायचा झारा लांबूनच पुढे करून नोट त्यावर ठेवून घेतली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"म्हणजे खोकला बी खोटाच होता तुमचा!"