कणगीतला रेडा

कंग्राळीच्या कृष्णातला बिअरचा शौक लागला, असं गावात कुणी म्हटलं असतं तर ते अर्धंच खरं होतं. त्याला नाद लागला तो बाटल्यांचा. टिळकवाडीतल्या एका ऑडिटरच्या ऑफिसात तो कामाला. मित्राच्या लग्नाला बेंगळूरला गेला, तेव्हा कुणीतरी एका छोट्या कारखान्यातली काळी बिअर त्याच्यापुढे ठेवली. एका घोटात तोंडाचा कडू काढा झाला. पण बाटलीवर चष्मा लावलेल्या रेड्याचं चित्र होतं, आणि त्या रेड्यावर कृष्णातचा जीव जडला. येताना त्याने एक सीलबंद बाटली शर्टात गुंडाळून आणली.

मग तो मोबाइलवर अशाच हौशी लोकांच्या ग्रुपात शिरला. तिथला नियम एकच: विकायचं नाही, बाटलीला बाटली द्यायची. लोक चवीबद्दल जे लिहीत ते कृष्णातने पाठ केलं. ‘शेवटी कॉफी येते’, ‘माल्टचा गोडवा जिभेवर रेंगाळतो’, असं तो दुसऱ्यांच्या फोटोंखाली ठोकून देई. न पिताच पंडित झाला म्हणा ना.

रेड्याची ती बिअर कारखान्याने पुन्हा काढलीच नाही. निपाणीचे दातांचे डॉक्टर नागेंद्र म्हणजे त्या ग्रुपातलं मोठं प्रस्थ. त्यांनी स्वतःहून विचारलं, रेडा देता का? बदल्यात गोव्याची कोकम घातलेली, परवाना काढून आणलेली बिअर मिळणार होती. येत्या रविवारी ते स्वतः येणार होते. कृष्णात हरखून गेला. हा पहिला सौदा पार पडला की आपली गणती जाणकारांत होणार, आणि हुकला तर ग्रुपात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बाटली गार आणि अंधाऱ्या जागी ठेवावी, असं जाणकारांचं मत. घरात तशी जागा एकच, भाताची कणगी. कृष्णातने रेडा तिथे पुरून ठेवला.

रविवारी सकाळी त्याने कणगीत खांद्यापर्यंत हात घातला. भात होतं, रेडा नव्हता. तो घामाघूम होऊन बाहेर आला, तर त्याची आई मालुबाई न्हाणीत तीच बाटली राखेने घासत बसलेली.

झालं होतं ते असं. म्हैस व्याल्यापासून पान्हा सोडत नव्हती. मालुबाईने बांधावरच्या म्हसोबाला अमावस्येला बाटलीचा नवस बोलला होता. पण दुकानात जायचं कुणी, या काळजीत ती होती. काल, ऐन अमावस्येला, गिरणीला भात काढताना बाटली हाताला लागली.

“मी म्हटलं, माझ्या लेकाला न सांगता कळलं,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “देवाची म्हणून रेडा छापलेली हुडकून आणलास. आज म्हशीनं चरवी भरली बघ.”

देवाला झाकणभर वाहिली होती आणि उरलेला प्रसाद चुलते भरमूआप्पांनी घेतला होता. खोकल्याचं औषध चांगलं हाय, असा त्यांचा अभिप्राय.

एवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. डॉक्टर टॉवेलात गुंडाळलेली बाटली घेऊन उतरले. मालुबाईला काही विचारायची गरजच वाटली नाही. दिवसाढवळ्या, चारचौघांदेखत पाहुणा बाटली आणतो तो देवासाठीच. तिने दोन्ही हातांनी ती घेतली, हळदकुंकू लावलं आणि बांधाची वाट धरली. डॉक्टर “अहो, ती...” म्हणत तिच्यामागे निघाले, त्यांच्यामागे कृष्णात.

म्हसोबाला झाकणभर मिळाली. उरलेली तिने दोघांच्या हातात स्टीलच्या पेल्यांतून दिली. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. कृष्णातने डोळे मिटून घोट घेतला आणि त्याचा चेहरा पार वाकडा झाला. आता आपलं पितळ उघडं पडलं, म्हणून त्याने चोरून बाजूला पाहिलं. डॉक्टरांचा चेहरा त्याहून वाकडा होता.

“कृष्णातराव,” डॉक्टर हळूच म्हणाले, “तुम्हाला हे आवडतंय व्हय?”

“न्हाय. तुम्हाला?”

“पयल्यापास्नं न्हाय. मला चित्रं आवडत्यात.”

दोघे बांधावर बसून पोट धरून हसले. मालुबाईला वाटलं, प्रसाद जरा चढला. कृष्णातला मात्र कित्येक महिन्यांनी हलकं वाटत होतं.

रिकाम्या बाटल्यांची अदलाबदल झाली. पण पाहुण्याला रिकामं भांडं द्यायची रीत मालुबाईकडे नव्हती. तिने रेड्याच्या बाटलीत म्हशीचं ताजं दूध काठोकाठ भरलं आणि तोंडाला कापडाचा बोळा लावला.

निपाणीला पोचताच डॉक्टरांनी रेड्याची बाटली आणि शेजारी तीतून भरलेला पेला, असा फोटो टाकला. खाली लिहिलं, ‘कंग्राळीचा रेडा. कडवटपणा अजिबात नाही. माल्टचा गोडवा जिभेवर रेंगाळतो.’

संध्याकाळपर्यंत ग्रुपातले लोक कृष्णातच्या मागे लागले होते: ही पांढरी बिअर कधी निघाली, आणि बदल्यात काय घेणार?