चारशे बारा स्थळं कुलपात

पणदऱ्यात बाजीराव कोकऱ्यांचं घर विचारलं की लोक उलट विचारतात, "कोणते? स्थळंवाले तात्या का?" वालचंदनगरच्या कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर म्हणून काढून तात्या गावी परतले, तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांच्या बायकोच्या, छबूबाईंच्या, एक गोष्ट लक्षात आली. हा माणूस घरात नुसता बसला, तर भाजीत मीठ किती घालायचं तेही आपल्याला शिकवील. मग त्यांनीच मुलाचा जुना कॉम्प्युटर ओसरीवर मांडून दिला आणि म्हणाल्या, "ह्याच्यात काय ते करा."

तात्यांनी लग्नं जमवायला घेतली. एकदम फुकट. बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुणाच्या घरी उपवर मुलगा किंवा मुलगी आहे असं कानावर आलं, की बायोडेटा मागवायचा, स्वतः टाइप करायचा, फोटो चिकटवायचा. फोल्डर चार होते. पदवीधर मुली, नोकरीवाली मुलं, बागायतदार मुलं आणि 'अवघड'. मुलगा सोन्यासारखा पण आई बोलू देत नाही, अशी स्थळं 'अवघड'मध्ये जात. नऊ वर्षांत चारशे बारा बायोडेटा जमले. लग्नं जमली सात, त्यातली दोन तशीही जमलीच असती.

मार्चमधल्या एका मंगळवारी तात्यांना पत्रिका जुळवायचा प्रोग्राम हवासा वाटला. एका साइटवर विकतचा प्रोग्राम फुकट मिळत होता. तिथं एकच अट लिहिली होती, आधी अँटिव्हायरस बंद करा.

"पाव्हणं यायच्या वक्ताला कुत्रं बांधत्यातच की," असं म्हणून तात्यांनी अँटिव्हायरस बंद केला.

एक काळी खिडकी चमकून गेली. पत्रिका काही दिसली नाही. तात्या जेवायला उठले. भाकरी-पिठलं खाऊन परत येतात, तर कॉम्प्युटरमधला पंखा कडबा कुट्टीच्या मशीनसारखा घरघरत होता. त्यांनी इंदापूरच्या निकिताचा बायोडेटा उघडायला घेतला. उघडेना. फाइलच्या नावाला मागं चार भलतीच इंग्रजी अक्षरं लटकली होती. दुसरी बघितली, तिसरी बघितली, सगळ्यांना तेच शेपूट. मुलींचे फोटो जाऊन नुसते पांढरे कागद दिसत होते. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक नवी इंग्रजी चिठ्ठी येऊन पडली होती.

चिठ्ठीची सुरुवातच 'काळजी करू नका' अशी होती, त्यामुळं तात्यांना जरा बरं वाटलं. पुढं मात्र लिहिलं होतं की तुमच्या सगळ्या फाइलींना कुलूप लागलंय, किल्ली पाहिजे तर डॉलर भरा, तीन दिवसांनी भाव दुप्पट. खाली ईमेलचा पत्ता.

तात्यांनी सवयीनं त्या पत्त्यावर उत्तर टाइप केलं: "नमस्कार. आपला निरोप मिळाला. आमची चारशे बारा स्थळं आपणाकडे अडकली असल्याचे समजले. तरी आपले पूर्ण नाव, गाव, शिक्षण व घरी कोण कोण असते ते कळवावे, म्हणजे पुढील बोलणे करता येईल. कळावे, बाजीराव कोकरे."

अर्ध्या तासात उत्तर आलं, मोडक्यातोडक्या मराठीत. "प्रिय ग्राहक, आज पैसे केल्यास अर्धी सूट."

तात्या खूश झाले. "छबू, ऐकलं का? पहिल्याच बोलण्यात निम्म्यावर आला. आजून जरा ताणलं तर फुकट दील."

"अवो, चोर हाय त्यो!"

"चोर कुठं प्रिय ग्राहक म्हंतो व्हय?"

छबूबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी थेट प्रियदर्शनीला फोन लावला. वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये प्रियदर्शनीचं घर यांच्या भिंतीला भिंत लावून होतं, तिचे वडील बुद्धघोष हे तात्यांच्याच शिफ्टला होते. आता ती बारामतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते.

"काकू, तात्यांना कशालाही हात लावू देऊ नका," ती म्हणाली. "आधी नेटची वायर काढा."

नेटची वायर कुठली ते न कळल्यामुळं छबूबाईंनी दिसतील तेवढ्या सगळ्या वायरी उपसल्या. फ्रीज बंद पडला, टीव्ही बंद पडला, माडीवरचा भाडेकरू मोबाइल हातात धरून खाली आला.

"आणि पेनड्राइव्ह लावलेला आहे का? त्यात कॉपी होती ना तुमची?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"हाय की," तात्या फोनवर अभिमानानं म्हणाले. "कायम लावलेलाच असतू. हरवाया नगं म्हणून."

"तोही काढा. मी येतेच," प्रियदर्शनी म्हणाली.

दुपारी ती स्कूटरवरून आली. कॉम्प्युटरची तेवढी वायर परत लावून चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढला, फाइलींची शेपटं बघितली आणि म्हणाली, "तात्या, हे रॅन्समवेअर. खंडणी मागणारा व्हायरस. तुम्ही उत्तर दिलंत?"

"आलेल्या निरोपाला उत्तर दिऊ नये का?"

"ह्याला नाही द्यायचं. पैसे तर नाहीच नाही. भरले तरी किल्ली मिळेल याचा भरवसा नाही, आणि एकदा देणारा सापडला की ते पुन्हा येतात."

अशा कुलपांच्या सापडलेल्या किल्ल्या फुकट देणारी एक साइट असते. तिनं आपल्या लॅपटॉपवर ती उघडली, चिठ्ठी आणि कुलूप लागलेली एक फाइल तिथं चढवली. उत्तर आलं की या टोळीची किल्ली अजून कुणाला सापडलेली नाही. पेनड्राइव्हमधल्या फाइलींनाही तीच शेपटं होती.

तात्या बाजेवर बसले. इतका वेळ गंमत वाटत होती ती सगळी उतरली. "लोकांनी इश्वासानं दिलं हुतं गं," एवढंच म्हणाले. छबूबाईंनी न विचारता चहा ठेवला, पण शेगडीही विजेची होती, तेव्हा आधी वायरी लावाव्या लागल्या.

मग प्रियदर्शनीनं सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावून तात्यांच्या हातात दिला.

"काय गेलं तुमचं?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"चारशे बारा स्थळं."

"स्थळं म्हणजे जागा? प्लॉट?"

"न्हाय ओ. एकशे नव्वद मुली, बाकीची मुलं."

"मुलं पळवलीत?" बाईंचा आवाज चढला. "किती वयाची?"

"सव्वीस ते चौतीस. एक जण एक्केचाळीस, पण त्यो अवघड हाय."

प्रियदर्शनीनं फोन काढून घेतला.

संध्याकाळपर्यंत तिनं जुनी डिस्क काढून कागदात गुंडाळून कपाटात ठेवली, पुढंमागं किल्ली निघालीच तर असावी म्हणून. नवी डिस्क घातली, विंडोज मुळापासून टाकलं, अँटिव्हायरस चालू केला, तात्यांच्या मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलले. "आणि लोकांना सांगायला लागेल," ती म्हणाली. "त्यांची माहिती चोरांकडंही गेली असेल."

तात्यांना लाज वाटली, पण त्यांनी स्थळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: "माझ्या चुकीनं सगळे बायोडेटा चोरांच्या हाती गेले असण्याची शक्यता आहे. माझ्या नावानं कुणी पैसे मागितल्यास देऊ नये. आपले बायोडेटा कृपया पुन्हा पाठवावेत."

कुणी रागावेल असं वाटलं होतं. झालं भलतंच. तीन दिवस मोबाइल वाजत होता. पणदऱ्याचा अविराज पूर्वी पाच फूट पाच इंच होता, तो आता पाच आठ झाला. कुशाबाईंचा नातू सहा वर्षांपूर्वी अठ्ठावीसचा होता, अजूनही अठ्ठावीसचाच. आणि उरलेले तीनशेहून जास्त निरोप एकाच अर्थाचे होते. तात्या, आमच्यात लग्न होऊन चार वर्षं झाली. सोबत जावळाचे फोटो, वाढदिवसाचे फोटो.

"मला कुणी सांगितलं का न्हाय?" तात्या भडकले.

"पत्रिका आल्या हुत्या की," छबूबाई म्हणाल्या. "तुमी जेवून आलाय समद्यांकडं."

खरी स्थळं निघाली शहाऐंशी. तात्यांनी ती फोन करकरून, वय-उंची उलटतपासणी घेऊन पुन्हा लिहिली. त्यांची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क महिन्यातून एकदा लावायची, काम झालं की लगेच काढून कपाटात, कुलपाची चावी छबूबाईंच्या कमरेला.

मे महिन्यात एका अनोळखी पत्त्यावरून मेल आला, 'अर्जंट बायोडेटा', सोबत फाइल. तात्यांनी ती उघडली नाही. चार दिवसांनी सोमेश्वरनगरहून सावळाराम नावाचे गृहस्थ फोनवर तणतणले, "माझ्या पोरीचा बायोडेटा पाठवून चार दिस झाले, तुमी बघत पण न्हाय!"

"तुमीच पाठवलाय कशावरून?"

"मीच बोलतोय की!"

"आवाजाचं काय सांगावं. समक्ष या, कागद घिऊन या."

सावळाराम रागानं मोटारसायकलवरून आले, कागद ओसरीवर आपटला, आणि छबूबाईंनी पुढं केलेली कांदाभजी खात दोन तास बसले. बोलता बोलता तात्यांना सगळं घर कळलं. मुलगी दूध संघात लॅबमध्ये, नाव प्रतिक्षा, बोलायला ठाम. तात्यांनी तिथूनच अविराजच्या घरी फोन लावला आणि पहिलं वाक्य बोलले, "उंची खरी सांगा."

साखरपुडा जूनमध्ये झाला. अविराज पाच फूट पाच, प्रतिक्षा पाच फूट सहा.