मिलिंददादा नव्या माणसाला माहुलीवर नेतात

माहुलीचा डोंगर पहिल्यांदा दिसला तेव्हा माझ्या पाठीवर अकरा लिटर पाणी होतं. आसनगाव स्टेशनबाहेर सकाळच्या धुक्यातून त्याचे सुळके वर निघालेले, आणि मी खाली बसून बाटल्यांची बुचं आवळत होतो. गावाकडची मंडळी हसतील, पण मी डोंबिवलीजवळ दिव्याला राहतो. आमच्या नळाला पाणी कधी येणार हे नळालाही ठाऊक नसतं. त्या पहाटे ते चुकून आलं, आणि खोलीत होत्या तेवढ्या सगळ्या बाटल्या मी भरून घेतल्या.

"गोंद्या, आपण गडावर चाललोय की टँकर पोचवायला?" सुन्या म्हणाला.

सुन्या माझा खोलीतला सोबती, मूळचा खेडकडचा. डोंबिवलीतल्या उंच इमारतींना तो बाहेरून रंग देतो, झुल्यावर बसून (झुला म्हणजे गच्चीवरून दोराने खाली सोडलेली फळी). मी भिवंडीच्या एका गोदामात खोकी बांधायचो. ते गोदाम दिवाळीनंतर बंद झालं. दीड महिना मी घरी खोटं बोलत होतो, 'काम बरं चाललंय' म्हणून. शेवटी सुन्याने त्याच्या मुकादमाकडे, मिलिंददादांकडे, माझ्यासाठी शब्द टाकला.

मिलिंददादा विठ्ठलवाडीचे. पन्नाशीचे, सडसडीत, बोलणं कमी. माझं शिक्षण आठवीत सुटलंय, ते विचारतील म्हणून मी उत्तर घोकून गेलो होतो. त्यांनी विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, "रविवारी माहुलीला ये. वर एक शिडी आहे. ती चढलास की बोलू." नव्या माणसाला कामावर घेण्याआधी ते माहुलीवर नेतात, ही त्यांची रीत. मला उंचीची भीती वाटते, हे मी दादांना सांगितलं नव्हतं. सुन्यालाही नाही. आमच्या गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे पाण्याची टाकी, आणि तिच्यावर मी कधी चढलो नव्हतो.

रिक्षाने पायथ्याच्या गावात आलो. एका घराच्या ओट्यावर म्हातारी मावशी ताक विकत होती. माझी पिशवी बघून ती तोंडाला पदर लावून हसली.

"एवढा पानी कोनाला रं बाला? वर टाका हाय भरलेला." (टाकं म्हणजे खडकात कोरलेला हौद.)

"मावशी, आटलं असलं तर?"

"आटला तर माजं नाव बदल."

सुन्याने लगेच दोन बाटल्या तिच्या ओट्यावर उतरवून ठेवल्या. तो ताक प्यायला वळला, तशा मी त्या परत पिशवीत घातल्या. मावशीने ते बघितलं, पण चहाडी केली नाही. तिचे उपकार मानतो, कारण पुढे अर्ध्या चढावर त्यातली एक सुन्यानेच रिकामी केली.

चढ सुरुवातीला गोड बोलतो. ओढा, सावली, पायाखाली पाचोळा. मग एकदम उभा राहतो. आपल्याकडे टेकडी चढताना माणूस बोलू शकतो. इथे नुसतं हं म्हणायचं तरी थांबावं लागतं. दादा पुढे, एका लयीत, बाजाराला निघाल्यासारखे. मी मधे. सुन्या मागून माझं मनोबल वाढवत होता.

"वरची माकडं घाबरट माणूस ओळखतात हां. लास्ट टाईम एकाचा बूट घेऊन गेलेली."

मी बुटाच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारली. थोडं पुढे गेल्यावर तिहेरी.

"ह्या वाटेवर साप?" मी दादांना विचारलं.

"असतील."

"आता आहेत का?"

"विचारून सांगतो," दादा म्हणाले, आणि चालू लागले. दिवसभरातली त्यांची ही एकमेव थट्टा. ती थट्टाच होती हे मला वर पोचेपर्यंत कळलं नाही. तोवर मी प्रत्येक वाळक्या काटकीला वळसा घालत होतो.

तीन तासांनी शिडी आली. लोखंडी, कड्याला टेकून सरळ वर गेलेली. दादांनी सॅकमधून कामावरचा दोर काढला. सुन्या तो खांद्यावर टाकून माकडासारखा वर गेला, तिथल्या झाडाला त्याने तो बांधला आणि दुसरं टोक खाली सोडलं. दादांनी ते माझ्या कमरेला बांधलं.

"चढ."

"दादा, वरची गाठ कोणी बघितली?"

"सुन्याने बांधली."

"हो, पण बघितली कोणी?"

दादा माझ्याकडे बघत राहिले. "चढ," ते पुन्हा म्हणाले.

सहा पायऱ्या नीट गेल्या. सातव्या पायरीवर माझी नजर दोन पायांच्या मधून खाली गेली आणि गुडघे शिवणयंत्रासारखे सुरू झाले. वरून सुन्या ओरडला, "अरे, शिडी हलवू नको! तिला पण भीती वाटते!" मी डोळे मिटले, शिडीला मिठी मारली, आणि आई, खंडोबा, बंद पडलेलं गोदाम, सगळ्यांची आठवण काढत एकेक पायरी पोटाने चढलो. वर पोचलो तो उभा राहून नाही. पालीसारखा सरपटत. काम गेलं, हे मला तिथेच समजलं.

सुन्याने माझ्या कमरेचा दोर सोडून टोक दादांसाठी खाली टाकलं. "चल, फोटो काढू, मागे मस्त व्ह्यू आहे." मी फोटोला गेलो नाही. रांगतच झाडापाशी गेलो. गाठीला हात लावला आणि ती हातात आली. नुसता एक वेढा, टोक मोकळं.

"दादा, थांबा! चढू नका!"

"काय नाय रे, दादांना लागत नाय दोर. येऊ दे त्यांना," सुन्या म्हणाला.

"सुन्या, तुला अक्कल आहे का? माणूस चढणारे याच्यावर!" मी इतक्या जोरात त्याच्यावर कधी ओरडलो नव्हतो. झुल्याच्या गाठी मला येत नाहीत. मी विहिरीच्या पोहऱ्याला मारतात ती गाठ मारली, दोन्ही पाय झाडाला लावून ओढून बघितली, पुन्हा बघितली, आणि मगच म्हणालो, "या."

दादा वर आले. गाठीकडे बघितलं.

टाकं काठोकाठ भरलेलं होतं. मावशीचं नाव शाबूत राहिलं, आणि पाठीवर अजून पाच लिटर शिल्लक होतं. ती बातमी सुन्याने गडावर भेटलेल्या प्रत्येकाला दिली. पार माथ्यावर गेलो. एकीकडे तानसा तलाव चमकत होता. समोर नवरा, नवरी आणि भटोबा नावाचे सुळके. "बघ, भटजी हजर असून पण लग्न लागलं नाय," सुन्या म्हणाला. दादांच्या घरून भाकरी आणि सुकट आलेली, वर कांदा. इतकी चवदार सुकट मी खाल्ली नव्हती, पण अर्धी भाकरी तशीच ठेवली. सोमवारी घरी फोनवर काय सांगायचं, हेच डोक्यात.

उतरताना शिडीवर डोळे उघडे ठेवले. त्याला धैर्य म्हणू नका, मिटून उतरता येत नाही.

संध्याकाळी स्टेशनवर चहा घेताना दादा म्हणाले, "झुल्यावर तू चालायचा नाहीस."

"हो दादा." मी पेल्यात बघत म्हणालो. "तरी तुम्ही नेलंत, आभारी आहे."

"ऐक पुढे. गच्चीवर गाठीपाशी एक माणूस लागतो. दोर बांधणारा वेगळा, बघणारा वेगळा. मला बघणारा पाहिजे होता."

सुन्या बिस्किट चहात बुडवत खुसखुसला. "ती गाठ मीच ढिली केलेली, तू वर आल्यावर. दादांनी सांगितलेलं. दर वेळी करतात. माझ्या वेळेला पण केलेली."

"आणि तू?"

"मी फोटो काढत होतो."

"म्हणून तो झुल्यावर आहे," दादा म्हणाले.

मला राग यायला हवा होता. पण मी उगाच चहावर फुंकर मारत बसलो. लहानपणापासून सगळ्यांनी मला सांगितलं, इतका घाबरू नकोस. घाबरतोस म्हणून तर पाहिजेस, असं म्हणणारा माणूस भेटायला मला घरापासून इतकं लांब यावं लागलं.

आता रोज सकाळी डोंबिवलीत एका गच्चीवर मी कठड्यापासून चार हात आत बसतो. सुन्या झुल्यावर पाय टाकतो आणि ओरडतो, "गोंद्या, झालं का बघून? ऊन चढलं!"

"थांब," मी म्हणतो, "अजून एकदा."

तो शिव्या देतो, पण थांबतो.