रिकाम्या डोंग्यावरचं इंजिन

माझ्या साळ्याचा कान फार चांगला होता, आणि त्याबद्दल मी त्याला कधीच माफ केलं नाही. इतवारीतल्या मिस्त्रींच्या दुकानात मी त्याच्या आठ वर्षं आधीपासून होतो. पिठाच्या गिरण्यांची ऑइल इंजिनं सगळी माझ्या हाताखालून गेलेली. बायकोच्या आग्रहाखातर तिच्या भावाला मीच तिथं चिकटवला, म्हणजे आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. वर्षभरात गिऱ्हाइकं त्यालाच विचारत येऊ लागली. मी चकरा मोजायचं घड्याळ शाफ्टला लावून काटा वाचायचो. हा दारात उभा राहून नुसतं ऐकून आकडा सांगायचा आणि तो बरोबर निघायचा. घरी बायको भाकरी वाढता वाढता भावाचं कौतुक करायची. ती भाकरी मला गोड लागत नसे.

त्यात मिस्त्रींची नजर अधू होत चालली होती. दुकानाची किल्ली आम्हा दोघांपैकी एकाला देणार, हे त्यांनी बोलून दाखवलं होतं. कोणाला, ते सांगितलं नव्हतं.

लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात तलावात मासे धरणारा एक ढिवर टांग्यातून इंजिन घेऊन आला. विलायतेला परत चाललेल्या कुणा साहेबाचं, होडीच्या मागं लावायचं इंजिन होतं ते. साहेब हलक्या होडीतून हवा खायला जायचा. ढिवराचा डोंगा सागवानी, चांगलाच जड. उन्हात मासळी टिकत नाही, बाजार भरायच्या आत काठाला लागायला हवं, म्हणून त्यानं ते घेतलेलं. पण डोंग्याला लावलं की इंजिन कण्हायचं आणि धूर ओकायचं. दोष इंजिनाचा नव्हता. पाण्यातला पितळी पंखा हलक्या होडीच्या मापाचा होता. जड डोंगा ढकलताना त्याची पाती इंजिनाला झेपत नव्हती, आणि इंजिनाच्या पाटीवर लिहिलेल्या चकरांपर्यंत ते चढतच नव्हतं. मी हे सांगायला तोंड उघडलं, तोवर साळ्यानं पंखा काढून कानस हातात घेतलीसुद्धा.

तलावावर त्यानं तीनदा पंखा काढला आणि तीनदा पात्यांची टोकं कानसली, कागदाचा साचा लावून, सगळी सारखी. चौथ्यांदा इंजिन मोकळं बोललं. मी घड्याळ लावून पाहिलं तर पाटीवरचाच आकडा. मिस्त्री म्हणाले, देवानं या पोराच्या कानातच घड्याळ बसवलं आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेवढ्यात मला जाळं दिसलं. त्या ढिवराच्या घरात एक रीत होती. नवी वस्तू पाण्यात उतरली की त्या दिवशी जाळं डोंग्यात ठेवायचं नाही. आधी नारळ, हळदकुंकू, आणि काम दुसऱ्या दिवसापासून. म्हणून ते भलंमोठं जाळं काठावरच्या बाभळीवर पडलं होतं आणि डोंगा रिकामा होता. दाणे न घालता गिरणीचं इंजिन तपासू नये, हे साळ्याला पहिल्या आठवड्यात मीच शिकवलं होतं. ओलं जाळं, चार माणसं आणि मासळीच्या टोपल्या चढल्या की हे इंजिन पुन्हा कण्हणार होतं. मला ते स्पष्ट कळत होतं. मी खोबऱ्याचा प्रसाद खाल्ला आणि मूग गिळून घरी आलो. त्या दिवशी जेवण चवदार लागलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्याच दिवशी भरल्या डोंग्यावर इंजिन तापलं आणि तलावाच्या मध्यावर जाम झालं. वल्ही मारत काठाला येईपर्यंत ऊन चढलं. ढिवरानं टोपल्या बाजारात नेल्याच नाहीत, आमच्या दुकानाच्या दारात आणून ठेवल्या. त्याची बायको तिथंच बसून एकेक मासा उलटून पाहत होती. मिस्त्रींनी विचारलं, रिकाम्या डोंग्यावर पंखा जुळवायची अक्कल कोणाची?

"माही," साळा म्हणाला.

संध्याकाळी किल्ली माझ्या हातात आली.

इंजिन खोलून, नव्या रिंगा घालून आम्ही दोघं पुन्हा तलावावर गेलो. या वेळी जाळं भिजवून डोंग्यात घातलं, माणसं बसवली. पाती मी कानसली, आणखी दोन सुतं, म्हणजे पाव इंच. इंजिन आकड्यावर आलं. डोंगा रिकामा असताना इंजिन पूर्ण वेगानं सोडू नको, नाहीतर चकरा वाजवीपेक्षा वाढतील, असं मी ढिवराला बजावलं. घड्याळ साळ्यानं धरलं होतं. ते परत देताना तो हळूच म्हणाला, "जवाईबापू, त्या दिवशी तुमी जाळ्याकडे पाहून राहिले होते. मले वाटलं, आता काही बोलसान."

मी घड्याळ पुसत राहिलो. मग विचारलं, "मिस्त्रीले काहून नाही सांगितलं?"

"ताईले कसं वाटलं असतं," तो म्हणाला, आणि कानस गोळा करायला गेला.

घरी बायकोनं किल्लीला हळदकुंकू लावून ती देवापुढं ठेवली. मग माझ्यासमोर बसून, आपल्या भावाच्या हातून एवढी मोठी चूक झाली म्हणून तिनं माझी माफी मागितली. मी तिला ती मागू दिली.