मामांचा फाका आणि तन्वीचा

माझ्या बायकोच्या मामांइतकी टर उभ्या रत्नागिरीत कुणी कुणाची उडवली नसेल, आणि तरी त्यांच्यावर कुणी रागावल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मिरजोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण शिमगा आला की देवरूखकडच्या गावी जाऊन फाका घालण्याचा, म्हणजे एकेकाच्या अंगणात उभं राहून मोठ्याने त्याची खिल्ली उडवण्याचा मान अजून त्यांचाच. नंतर त्याच माणसाच्या ओटीवर बसून चहा प्यायचा. एरवीही त्यांचा नियम एकच, बोलायचं ते तोंडावर. कुणी चुगली घेऊन आलं की मामा आधी चपला शोधतात. "चल, तेच्या तोंडावर बोलू. मी हाय तुझ्यासंगती!" एका लग्नात मी त्यांच्या कानाशी लागून सार पाणचट झाल्याचं कुजबुजलो, तर त्यांनी थेट आचाऱ्यालाच हाक मारली, "इकडे ये रे, आमच्या जावयांना तुला कायतरी सांगायचाय!" मी त्या दुपारी तीन वाट्या सार प्यायलो आणि वर चौथी मागून घेतली.

त्यांची नात तन्वी नववीत आहे. घरी पाहुणे आले तर तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. गेल्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा मात्र ती फोन नाचवत बाहेर आली. तिची मैत्रीण सानिका हिने आपल्या गाण्याचा व्हिडिओ टाकला होता आणि तन्वीने त्याखाली लिहिलं होतं, 'गातेस की बेडूक गिळलायस? परत तोंड उघडू नको.'

"आजोबा, बघा, मीपण फाका घातला!"

मामांनी खदखदून हसत तिची पाठ थोपटली. "मग सानिका काय बोलली?"

"तिला कुठे माहितीये मी ते! नाव खोटं आहे. खरं नाव असतं तर असं लिहिता आलं असतं का?"

मामांनी चपला घातल्या.

सानिकाचं घर पुढच्याच आळीत. तन्वीला बघताच सानिकाची आई म्हणाली, "बरं झालं आलीस बाई. आठ दिवस पेटीला हात लावत नाही. क्लास सोडते म्हणते." तेवढ्यात सानिका बाहेर आली आणि तिचा चेहरा फुलला. "तू तरी आलीस!" तन्वी खांबाचा रंग नखाने खरवडत राहिली. मला तिची फार दया आली.

"बोल गो," मामा हळूच म्हणाले.

"ते मी लिहिलं. तुझं सगळे कौतुक करतात, माझ्याकडे कोणी बघत पण नाही. लिहिलं तेव्हा कितीतरी जण हसले. मला बरं वाटलं."

सानिका वळून आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती पेटी घेऊन आली आणि ओटीवर बसली. "आता गाते. बेडूक कुठे वाटतो ते समोर सांग." तन्वी रडत ऐकत होती. दुसऱ्या कडव्याला हुंदका देत ती म्हणाली, "इथे थोडासा," आणि दोघी एकदम फिसकन हसल्या.

तन्वीला तिथेच ठेवून आम्ही निघालो. फाटकाशी मामा थांबले. "जावईबापू, मी एवढी अंगणां फिरलो. सगळे हसायचे. मागून आत जाऊन कोण रडला काय, ता बघायला मी कधी थांबलोच नाय."

घरापर्यंत मामांनी रस्त्यात भेटलेल्या कुणाचीही टर उडवली नाही, आणि ते माझ्याने बघवेना.