'हॅज बीन' म्हणजे आहे की होता?

अकरावीत असताना मी गंगापूर रोडवरच्या एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जायचे. घर देवळाली कॅम्पात, शाळा झालेली मराठी माध्यमातून. पूर्ण वर्तमानकाळ आपल्याला येतो अशी माझी समजूत होती. मराठी वाक्याच्या शेवटी 'आहे' दिसलं की इंग्रजीत 'हॅव' नाहीतर 'हॅज' लावायचं, संपलं. क्लासच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात ती समजूत खोडून काढली. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' हे चूक, म्हणाले. 'काल' आला की 'हॅव' चालत नाही.

"पण सर, मी काल त्याला पाहिलंय, असं आपण म्हणतोच की."

"आपण म्हणतो. ते नाही म्हणत."



त्याच वर्षीची गोष्ट. आमच्या शेजारी सटाण्याकडची एक बाई राहायची, मी तिला वहिनी म्हणायचे. नवरा फौजेत, आसामात पोस्टिंगवर. तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून त्याचे फोन आमच्याकडे यायचे. एका दुपारी आई बाजारात गेलेली असताना फोन वाजला. पलीकडे वहिनीचा नवरा नव्हता, त्याचा कोणी साहेब होता. दक्षिणेकडचा असावा. भराभर इंग्रजी, त्यात लाइनीत खरखर. मला नवऱ्याचं नाव कळलं, 'हॅज बीन' कळलं, 'हॉस्पिटल' कळलं. शेवटी "डोंट वरी" म्हणून त्याने फोन ठेवला. उलट फोन करायला आमच्याकडे नंबरच नव्हता.

वहिनी ओले हात पदराला पुसत दारात उभी होती.

"काय म्हणे?"

"हॉस्पिटल म्हणाले. काळजी करू नका म्हणाले."

घाबरली की वहिनी अहिराणीत बोलायची. "दवाखानामा शे, का व्हता?"

आहे, की होता? तिला एवढंच हवं होतं आणि तेवढंच मला सांगता येईना. 'हॅज' म्हणजे आहे. 'बीन' म्हणजे होता. मग दोन्ही एकदम कसं?

"सरांना विचारते," मी म्हणाले. तिला कुठला दम निघतोय! तीही माझ्याबरोबर बसमध्ये चढली.

क्लासमध्ये ती माझ्या शेजारी बाकावर बसली. सगळं ऐकून सरांनी विचारलं, "'हॅज बीन टु' म्हणाले, की 'हॅज बीन इन'?"

"त्याने काय होतं?"

"'टु' असेल तर जाऊन आला. 'इन' असेल तर अजून तिथेच आहे."

मी डोळे मिटून तो आवाज आठवायला लागले. एकदा 'टु' ऐकू यायचं, एकदा 'इन'. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. मला रडू यायला लागलं. परतीच्या बसमध्ये तिनेच माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे पोरी. फोन येईल."

आला, दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि त्याचाच. वहिनी रिसीव्हरमध्ये ओरडलीच, "आधी सांगा, कुठे आहात?" मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. आठवडाभर तो दवाखान्यात होता, कालच सुट्टी मिळून बराकीत आला होता. बायको घाबरेल म्हणून त्याने आधी कळवलं नव्हतं. वहिनी रडली, मग त्याला भरपूर बोलली, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "अन् तुमच्या साहेबाला सांगा, पुढच्या वेळी हिंदीत बोला."

मी क्लासला जाऊन सरांना सांगितलं, "सर, ते दवाखान्यात राहिले होते, पण आता बाहेर आहेत. मग 'टु' की 'इन'?"

सरांनी खडू उचलून फळ्यावर लिहिलं. "'टु'. म्हणजे... राहिला होता ना? मग 'इन'सुद्धा चालेल." मग फळ्याकडे बघत म्हणाले, "पण 'इन' म्हटलं तर अजून आहे असंही वाटेल." लिहिलेलं त्यांनी पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. "पुढच्या वेळी बघू," म्हणाले, आणि भविष्यकाळ शिकवायला घेतला.

पुढे अंबडच्या एका कारखान्यात ऑफिसात लागले. रोज इंग्रजीत ईमेल लिहावे लागत. कोणी आजारी पडून रजेवर गेलं, की मी 'ही इज इन हॉस्पिटल' नाहीतर 'ही इज बॅक' एवढंच लिहायचे. एकदा मुंबईच्या साहेबांनी त्यात 'हॅज बीन' घालून ईमेल पुढे पाठवला. तो मी दोनदा वाचला. माणूस घरी आलाय की नाही, ते त्यावरून मला काही कळलं नाही.