आंदणातली पोर

आधी कपाटाला बोट लावलं. मग शिलाई मशीनला. मग हंडा, घंगाळ, परात. मग मला.

हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक. कपाळावर नाही, दंडावर. गढीतल्या थोरल्या बाईसाहेबांनी माझ्याकडे न बघताच बोट लावलं आणि त्या पुढे सरकल्या, कारण माझ्यापलीकडे गाद्यांची चवड होती.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात गढीच्या मुलीचं, ताईसाहेबांचं लग्न होतं. सासर पारोळ्याच्या बाजूला. मुलीबरोबर द्यायचं सामान, म्हणजे आंदण, मांडवाच्या एका कोपऱ्यात मांडून ठेवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांनी बघावं म्हणून. त्या रांगेत मी बसले होते. मी सोळा वर्षांची. दहावीची परीक्षा दिलेली, निकाल यायचा होता.

एक पाहुणी थांबली. "ही पण आंदणातली का?"

"तर! पितळेपेक्षा जास्त टिकतात यांच्या पोरी," बाईसाहेबांची जाऊ म्हणाली.

दोघी हसल्या. कुत्सितपणे नाही, सहज हसल्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात, तशी मी सगळीच बधिर झाले होते.

आम्ही गढीची माणसं. गढीच्या मागच्या अंगाला आमच्या खोल्या. गावात आम्हाला कोणी जात विचारत नाही, आडनाव विचारत नाही. "गढीतले" म्हणतात, संपलं. वडील मी लहान असतानाच गेले. लोक आपल्या पूर्वजांची नावं सांगतात. माझी आई लग्नं सांगायची. भाकरी थापताना, एका दमात. आपली पहिली बाई माळव्याकडून आली, नवरीच्या मेण्यामागे पायी चालत. तिची नात तापीपलीकडे गेली, गढीच्या थोरल्या आत्यासाहेबांबरोबर. आईची सख्खी बहीण गेली, धाकट्या आत्यासाहेबांबरोबर. ती मेली हे आम्हाला दीड वर्षानं कळलं. या यादीत आमच्यातल्या कोणाचं स्वतःचं लग्न नव्हतं. नावंसुद्धा नव्हती. कोण कोणाबरोबर गेली, एवढंच. मला ते पाढ्यासारखं पाठ होतं. शाळेत मात्र मी ते कधी कोणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी आईला गढीकडून नवं लुगडं मिळालं होतं. ते नेसून ती मांडवात मान वर करून फिरत होती. पोर आंदणात जाते म्हणून मान. ते बघितलं आणि तेव्हा मात्र मला लागलं.

मी तिला जवळ बोलावलं. म्हटलं, "माय, माले जानं नही."

"चूप ऱ्हाय. बठ्ठा देखी ऱ्हायनात." सगळे खरंच बघत होते. मग खाली वाकून, जरा मऊ आवाजात, "मन्ही बहीण गयी. तू काय नवाईनी शे?"

मी उठले. पळाले नाही. मांडवाच्या मधून चालत गेले. हापशावर दंड घासला. कुंकू गेलं, हळद गेली नाही. तशीच चालत दोंडाईच्याच्या स्टेशनवर गेले आणि बाकावर बसून राहिले. गाड्या आल्या, गेल्या. मी कुठल्याच गाडीत चढले नाही. कुठं जायचं हे ठरवलंच नव्हतं. फक्त आंदणाचा टेम्पो निघून जाईपर्यंत गावात थांबायचं नव्हतं. मला वाटलं, मी नसले की ती जागा रिकामी राहील. सामान जाईल, मी राहीन. एवढी हुशार मी, दहावीपर्यंत शिकलेली.

दिवेलागणीला घरी आले. टेम्पो गेला होता. आई चुलीपुढे होती.

"धाकली कोठे शे?" मी विचारलं.

आईनं मान वर केली नाही. "गयी. तुन्हा जागावर."

माझी धाकटी बहीण अकरा वर्षांची होती.

जागा रिकामी राहत नसते. आमच्यातल्या कोणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मीच विचारलं नाही. तिच्या दंडावर बोट माझ्यामुळे लागलं. हे सांगताना माझा आवाज चढत नाही, रडूही येत नाही. लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून मी दोंडाईच्याला मिरचीचे देठ खुडायला जायला लागले. बोटांची आग व्हायची, रात्री हात पाण्यात बुडवून बसायचे. दोन महिन्यांनी एसटी पकडली. धुळ्याला उतरून पारोळ्याची दुसरी.

ताईसाहेबांच्या सासरी मागच्या दारानं गेले. धाकटी मोरीवर बसली होती. पुढ्यात ढीगभर भांडी. मला बघून ती उठली नाही. म्हणाली, "अक्का, आजून भांडा बाकी शेत."

ताईसाहेब बाहेर आल्या. लहानपणी आम्ही एकत्र खेळलो होतो. म्हणजे त्या खेळायच्या, मी चेंडू आणून द्यायचे.

"आता कशाला आलीस? तुझ्या जागी ही आलीय ना."

"हिला न्यायला आले."

"तुझ्या आईनं दिलीय तिला."

"आईला तो हक्क नाही. मलाही नाही. तुम्हालाही नाही."

त्या चिडल्या नाहीत. खरंच काळजीनं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मग राहणार कुठं? गढीत तुम्हाला पाऊल ठेवू देणार नाहीत."

खरं तेच बोलत होत्या. मी धाकटीला म्हटलं, "ऊठ." तिनं हातातलं पातेलं पूर्ण घासलं, विसळलं, पालथं घातलं आणि मग उठली. कोणी आडवं आलं नाही. आम्ही उलट पावली परत येऊ, अशी त्यांना खात्री असावी.

गढीतल्या आमच्या खोलीचं दार आईनं उघडलं नाही. ती आत होती. तिचा खोकला ऐकू येत होता.

मग धुळ्याला, देवपुरात एक खोली. मी एका दवाखान्यात आया म्हणून लागले. धाकटी शाळेत गेली. या सगळ्याला दहा वर्षं झाली. आई एकदाही आली नाही, निरोप नाही.

काल गढीचा जुना कारभारी, आबा, खोलीवर आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, उद्या गढीत लग्न आहे, ताईसाहेबांच्या थोरल्या भावाच्या मुलीचं. बरोबर माझ्या मामाची मुलगी जातेय. तेरा वर्षांची.

"मला कशाला सांगता, आबा?"

"मी नाही सांगत. तुझी आई म्हनी, मोठीले सांगजो."

एवढंच बोलून तो गेला. दहा वर्षांत आईचा हा पहिला शब्द.

रात्री मी धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "मीबी येस." आज आम्ही दोघी निघालोय. या वेळी मी एकटीच उठून स्टेशनवर जाऊन बसणार नाही. आंदणाजवळ जायचं, त्या पोरीचा हात धरायचा आणि सगळ्यांदेखत तिला बाहेर आणायचं. तिच्या जागी दुसरी बसवली तर तिलाही. तिसरी बसवली तर तिलाही. आमची खोली दहा बाय दहाची आहे. दाटीवाटीनं झोपू.